दुपारची चूल

धानाची रोवणी ऐन भरात होती. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या बाजूला जंगलाच्या कडेने वसलेल्या एका गोंड टोलीवर आम्ही चौघीजणी पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले असतील. मी आमगावहून गेले होते, एका ओळखीच्या आरोग्य कार्यकर्तीसोबत. टोलीत कामाच्या वयाचे माणूस औषधालाही नव्हते. बांध्यांमध्ये मात्र लांबवर वाकलेल्या पाठींच्या रांगा दिसत होत्या. एका घराच्या ओसरीत एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती आणि तिच्यासमोर जर्मनची वाटी मांडीत घेऊन दीड वर्षाचा एक पोरगा पेज खात होता. स्वतःच्या हाताने. बोटांतून निम्मी ओघळत होती, निम्मी तोंडात जात होती. सांडलेले शीत टिपायला कोंबडी टपून होतीच. पाच-सात वेळा हात तोंडाशी गेला, मग त्याने वाटी सरकवली आणि तो कोंबडीमागे निघून गेला. म्हातारीने मान वर करून पाहिले आणि पुन्हा सूप हलवू लागली.

आमच्यातली एक बाई मोठ्या शहरातून प्रशिक्षणाच्या निमित्ताने आली होती. ती हळूच म्हणाली, "बघा, ही माणसं मुलांना भरवतच नाहीत."

मला राहवले नाही. मी म्हटले, "आजी, अजून दोन घास भरवा ना त्याला."

म्हातारी म्हणाली, "पोट त्याचं हाय जी, त्याले मालूम."

ही दोन वाक्ये तेव्हापासून माझ्या मनात समोरासमोर उभी आहेत. एका वाक्यात आरोप आहे, दुसऱ्यात तत्त्वज्ञान. आरोप करणाऱ्या बाईच्या मनात मुलाविषयी कळवळाच होता, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही तिचे चुकले, असे मला आज ठामपणे वाटते. म्हातारीचे बरोबर होते, पण तेवढ्याने त्या मुलाचे पोट भरत नव्हते, हेही खरे. या दोन्हींच्या मधे जे आहे, ते आपण बोलत नाही. म्हणून हा लेख.

आधी आपल्या मराठी घराकडे पाहू. मुलाला खायला देण्यासाठी आपल्या भाषेत एक शब्द नाही, शब्दांचे कुटुंबच आहे. भरवणे, चारणे, खाऊ घालणे, जेवू घालणे, वाढणे. त्यात 'भरवणे' सगळ्यांत मायेचे. भरवायला हात लागतो, समोर बसणारे माणूस लागते, गुरगुट्या भात हाताने कालवून त्याचा सुपारीएवढा घास करण्याची सवड लागते. एरवी आपल्याकडे उष्टे म्हणजे विटाळ, पण बाळाच्या पहिल्या अन्नाला आपण 'उष्टावण' म्हणतो आणि मामाच्या हातून तो घास देतो. उष्टे या शब्दाला मंगल अर्थ मिळतो तो फक्त तिथे. मग अंगणात उभे राहून चिऊच्या नावाने, काऊच्या नावाने, चंद्राच्या नावाने घास. मूल तोंड फिरवते, आपण त्याच्या मागे वाटी घेऊन फिरतो. वाटी संपली की आईला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते.

हे सुंदर आहे. मीही असेच भरवले. पण त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझी मुलगी दोन वर्षांची असताना जेवताना तिच्यासमोर मोबाइल धरावा लागायचा. चित्र हलत असेपर्यंत तोंड उघडायचे, घास जायचा, तिला पत्ताही नसायचा. वाटी संपायची. ती वाटी तिच्या भुकेसाठी नव्हती, माझ्या समाधानासाठी होती. भूक लागणे आणि पोट भरल्याचे कळणे ही माणसाला जन्मतः मिळालेली दोन ज्ञाने आहेत. त्यांतले दुसरे मी तिच्याकडून काढून घेत होते. ते परत मिळवायला तिला आणि मला काही वर्षे लागली. आज गोंदिया-नागपूरच्या कोणत्याही हॉटेलात संध्याकाळी नजर टाका, हेच दृश्य चार टेबलांवर दिसेल.

म्हणजे भरवणे हे संस्कृतीचे एक रूप आहे, मातृत्वाचे मोजमाप नव्हे. जगभर ते निरनिराळे आहे. जपानात मूल शंभर दिवसांचे झाले की 'ओकुइझोमे' करतात. तिथे थोरांपैकी कुणीतरी मुलाच्या ओठांना अन्न नुसते लावते. त्याच जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदा केला आणि तिथल्या प्राथमिक शाळांत मुलेच एकमेकांना जेवण वाढतात. आपल्या कोकणात मऊ भातावर मेतकूट आणि तूप, पश्चिम महाराष्ट्रात भाकरी दुधात कुस्करून, आणि आमच्या या झाडीपट्टीत, धानाच्या देशात, पेज. कोणी भरवते, कोणी समोर ठेवते, कोणी आपल्याच ताटात लहान हात बुडवू देते. यातली एक रीत शहाणी आणि बाकीच्या अडाणी, असे म्हणायला काही आधार नाही.

उलट आधार आहे तो म्हातारीच्या वाक्याला. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा मुले, आणि त्यांच्यापुढे चौतीस पदार्थांच्या यादीतून निवडून मांडलेली अनेक भांडी: मांस, अंडी, दूध, धान्ये, भाज्या, फळे. जवळ बसलेल्या परिचारिकेने आपणहून काही द्यायचे नाही, आग्रह करायचा नाही. मूल ज्या भांड्याकडे हात करील तेच त्याला द्यायचे आणि ते थांबले की थांबायचे. मुलांची निवड रोज वेगळी, पाहणाऱ्याला विचित्र वाटेल अशी होती. पण मुले उत्तम वाढली. किती खायचे ते मुलाला कळते, असा याचा अर्थ झाला. मात्र डेव्हिसबाईंनी १९३९ मध्ये या प्रयोगाविषयी लिहिताना स्वतःच एक गोष्ट स्पष्ट केली. खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हते. मुलाच्या हातात निवड होती, पण यादी मोठ्यांनी केली होती.

हाच धागा धरून पुढच्या आहारतज्ज्ञांनी एक साधी वाटणी सांगितली: काय, कधी आणि कुठे खायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. ही वाटणी घेऊन त्या ओसरीकडे पाहा. 'किती'चा हक्क म्हातारीने मुलाला पूर्ण दिला होता, तो माझ्या घरात माझ्या मुलीला नव्हता. पण 'काय' आणि 'कधी' या दोन बाजू त्या ओसरीत लंगड्या होत्या. वाटीत तांदूळ थोडा आणि पाणी फार होते. आणि ती वाटी सकाळी रांधलेल्या पेजेची होती.

आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एक मोठी वाटीच मावते. त्यामुळे त्या वाटीत काय आहे, हा त्याच्या वाढीचा प्रश्न असतो. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर अन्न आणि मधे एक-दोनदा काही खाऊ मिळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पातळ पेजेने पोट तट्ट फुगते, मूल वाटी सरकवते, आणि त्याचे ते थांबणे खरेच असते. पोट भरलेले असते, फक्त पाण्याने. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात सुमारे ११ टक्केच निघाली. हे आकडे एकट्या आदिवासी टोल्यांचे नाहीत. त्यात आपली शहरे आहेत, आपली घरे आहेत. पण झीज सगळ्यांत जास्त होते ती याच वयात, सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, आणि तेव्हा खुंटलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही.

त्या दुपारी मी म्हातारीला दुसराही एक प्रश्न विचारला होता. "आजी, पेज एवढी पातळ का करता? थोडी घट्ट केली तर?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. म्हणाली, "घट्ट केली तं दोपारी थिजून दगड होते बाई. मंग लेकरू गिळत नाही. माय भल्या पहाटे रांधून जाते. दोपारी चूल कोन पेटवन?"

मला वाटते, कुपोषणावर मी आजवर ऐकलेल्या भाषणांपेक्षा या उत्तरात अधिक ज्ञान आहे. भात थंड झाला की घट्ट होतो, हे कोणत्याही स्वयंपाकघरात दिसते. सहा तास ठेवायची पेज दुपारीही पिण्याजोगी राहावी म्हणून ती पहाटेच पातळ करायची. म्हातारीचे डोळे अधू, गुडघे गेलेले, एका हाताखाली दुधपिते नातवंड. त्यात ओले सरपण, ओसरीला लागून गवताचा ढीग. अशा घरात दुपारी चूल न पेटवणे हा शहाणपणा आहे. ती आई अडाणी नाही. तिच्यापुढे जे कोडे आहे, ते तिने आपल्या परीने सोडवले आहे. कोडे असे: आई दिवसभर चिखलात असताना दीड वर्षाच्या मुलाच्या दुपारच्या पोटाचे काय करायचे?

म्हणून मी म्हणते की मुलाला कसे भरवले जाते, हे आईच्या डोक्यातल्या माहितीवर फार थोडे अवलंबून असते आणि तिच्या दिवसाच्या मांडणीवर फार. शहरातल्या मराठी घरात दुपारी गॅस असतो, फ्रिज असतो, आजी नाहीतर बाई असते. म्हणून तिथे भरवणे शक्य होते, आणि अतिही होते. सालेकसा तालुक्यातल्या आईचा दिवस पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला ती पहाटे अंधारातच निघते, कारण फुले रात्री गळतात आणि ऊन चढायच्या आत उचलावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्ता: तोडायचा, मग घरी बसून पुडे बांधायचे. पाऊस लागला की पऱ्हे आणि रोवणी, दिवसभर कमरेत वाकून. मग निंदण, मग कापणी. ज्या महिन्यांत घरात पैसा येतो, नेमक्या त्याच महिन्यांत मुलाजवळचे माणूस जाते. हे मी कोणाची गरिबी सजवण्यासाठी सांगत नाही. कष्टाच्या दिवसांत पोटचे लेकरू अंगणात सोडून जाताना कोणत्याही आईच्या जिवाचे काय होत असेल, ते समजायला गोंडी यावी लागत नाही.

आता अंगणवाडीकडे या. हा शब्दच मराठी मातीत रुजला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडला गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव गेले. आज अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम ताजे शिजवलेले अन्न मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मिळते ते घरी न्यायचे कोरडे पाकीट.

इथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या वयात मुलाची उंची आणि मेंदू घडतो, त्या वयासाठी आपण पाकीट देतो. पाकीट म्हणजे एक गृहीतक आहे. घरी कोणीतरी आहे, ते पाणी उकळील, त्यात पीठ घालील, ढवळील, निववील आणि समोर बसून भरवील. म्हणजे पाकिटावर न छापलेली पहिली अट अशी की, दुपारी चूल पेटलेली असावी. जिथे चूल पेटत नाही तिथे पाकीट फळीवर राहते किंवा सगळ्या भावंडांत वाटले जाते, आणि मग आपण म्हणतो, 'देऊनही खात नाहीत.'

याच मातीने अधिक शहाणे मार्गही दाखवले आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसातून एक वेळ शिजवलेले चौरस जेवण आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे, नको असेल त्यांना केळी. मला या योजनेचे मोल वाटते ते उकडलेल्या अंड्यामुळे. ते शिजवून हातात येते, त्याला दुपारची चूल लागत नाही, मूल ते स्वतःच्या हाताने खाऊ शकते. म्हातारीची रीत आणि सरकारची योजना इथे एकमेकींना भेटतात. शेजारी उत्तरेला बालाघाट आहे. तिथे मध्य प्रदेशात २०१५ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडे देण्यास नकार दिला. म्हणजे एकाच जंगलाच्या दोन कडांना, एकाच जमातीच्या दोन मुलांसमोर, दोन सरकारांनी दोन वेगळ्या ताटांची मांडणी केली. ती मुलाची भूक पाहून केलेली नव्हती. मोठ्यांची आहारसंस्कृती त्या मुलाच्या ताटात उतरली होती. आपल्या घरातले उपास-सोवळे दुसऱ्याच्या भुकेल्या मुलावर लादण्याचा हक्क कोणालाही नाही, असे माझे मत आहे.

पूर्वेला छत्तीसगड आहे आणि तिथून शिकण्यासारखे बरेच आहे. सरगुजा जिल्ह्यात २०१२ मध्ये 'फुलवारी' नावाने पाड्यापाड्यांत लहान पाळणाघरे सुरू झाली. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, त्यांच्यापाशी गावातल्याच आया पाळीपाळीने थांबायच्या, आणि मुलांना दिवसातून अनेकदा ताजे अन्न. आईने कामावर जावे, पण टोलीतली एक चूल दुपारी पेटलेली असावी, एवढीच ती कल्पना. तीत आईला शिकवण्याचा आव नव्हता. त्याच छत्तीसगडात १ मे २०२२ ला, कामगार दिनी, सरकारने लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि रात्री पाण्यात भिजवलेला भात एका दिवसात अभिमानाचा पदार्थ झाला. आमच्याकडच्या बायका तो वर्षानुवर्षे खात आल्या आहेत. मंत्र्याच्या ताटात गेला की वारसा आणि गोंड पोराच्या वाटीत दिसला की कुपोषण, हा आपल्या नजरेचा दोष आहे.

नजरेचा दोष म्हटले की मला नॉर्वे आठवते. २०११ मध्ये तिथल्या स्टॅव्हेंगर शहरात एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवण्याला, मुलांना आपल्याजवळ झोपवण्याला आक्षेप घेतला गेला, असे कुटुंबाने सांगितले. यंत्रणेने तो फक्त संस्कृतीचा वाद असल्याचे नाकारले. पुढे २०१२ मध्ये मुले भारतात परत आली, २०२३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. तेव्हा आपण सगळे हळहळलो, चिडलो. हाताने भरवणे म्हणजे जबरदस्ती, असे कोणी कसे म्हणू शकते?

पण तोच प्रश्न आपण आपल्याला विचारतो का? नॉर्वेतल्या अधिकाऱ्याला भरवणारा हात खटकला. आमच्या टोलीवर आलेल्या बाईला न भरवणारा हात खटकला. दोघांनी आपल्या घरातली रीत मापाला धरली आणि दुसऱ्याची माया मोजली. परदेशातला अन्याय आपल्याला चटकन दिसतो. सालेकसा मात्र गोंदियापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असूनही दिसत नाही. बरे, नॉर्वेतल्या त्या आईची बाजू मांडायला देशाचे परराष्ट्र मंत्रालय उभे राहिले. रोवणीला गेलेल्या आईची बाजू मांडायला कोण आहे? तिला तर आपल्याविषयी काय बोलले गेले तेही कळत नाही.

मी आदिवासी रीतीचे देव्हारे माजवत नाही. काही रीती बदलायला हव्यातच. चीक पिळून टाकणे, बाळाला पहिल्या दिवसांत मध किंवा घुटी चाटवणे, अन्न उशिरा सुरू करणे हे घातक आहे, आणि ते टोलीतही होते, गावातही आणि शहरातही. गडचिरोलीत 'सर्च'च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हाताशी धरून नवजात बाळे वाचवली, ती तिथल्या रीती डोळसपणे तपासत, बदलत. पण त्यांनी आधी ऐकून घेतले. राणीताईंचे 'गोईण' हे पुस्तक उभे राहिले ते तिथल्या बायकांना झाडापानांविषयी असलेल्या जाणकारीवर. बदल सांगणाऱ्याकडे आधी कान लागतो. त्या दुपारी कान असता तर 'पेज घट्ट करा' हा सल्ला बदलला असता. पेज पातळच राहू द्या, पण त्यात चमचाभर तेल घाला, वाटीत उकडलेले अंडे कुस्करा, सुक्या मासळीची पूड भुरभुरा, असे सांगता आले असते. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ कोमट पेजेत कालवले की घट्ट पेजही सैल होते आणि कस कमी होत नाही. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांनी मोडाचे मोल केव्हाच जाणले होते.

आणि जंगलाचे ताट विसरू नये. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, बांबूचे वास्ते, वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या, बोडीतली बारीक मासळी, उन्हाळ्यात तेंदूची आणि चाराची फळे. डेव्हिसबाईंनी मोठ्या कष्टाने जी यादी केली, तिची एक रानातली बहीण इथे आयती होती. ती आज आक्रसते आहे. तिची जागा घेते आहे कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेली पाच रुपयांच्या खारट पाकिटांची माळ. कामावर जाणारी आई मुलाच्या हातात नाणे ठेवते. तिला दोष देण्याआधी आठवावे की त्या पाकिटालाही दुपारची चूल लागत नाही. बाजाराने तिची अडचण आपल्या आधी ओळखली, एवढेच.

याच तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज तिथल्या गुहेच्या दर्शनाला लोटतो. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण कथेचा गाभा असा की, कली कंकाली मातेची ३३ मुले त्या गुहेत कोंडली गेली. आई आक्रोश करीत फिरली. तेव्हा जंगो रायतड, पारी कुपार लिंगो आणि संगीताचा जाणकार हिरासुका पाटालीर धावून आले. गुहेच्या तोंडावरची शिळा सरली, मुले सुटली, हिरासुका मात्र त्या शिळेखाली गेला. ती मुले पुढे जंगो रायतडच्या छायेत वाढली. जी कथा एक समाज आपला आरंभ म्हणून सांगतो, तिच्यात उपाशी-कोंडलेल्या मुलांसाठी आई एकटी पडत नाही. दुसरी बाई येते, वडीलधारा येतो, कलावंत येतो. मूल एका आईचे नसते, हा त्या समाजाचा मूळ विचार आहे. आपल्या योजना मात्र अजून एकट्या आईलाच समोर बसवून तक्ता दाखवतात.

तेव्हा मागणे साधे आहे. जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा मोह-तेंदूच्या दिवसांत, प्रत्येक टोलीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर असावे. तिथे टोलीतल्याच दोन बायका मजुरी घेऊन थांबाव्यात, आणि दुपारी चूल पेटावी. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने तर कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली की त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमण्याची तरतूद केलीच होती. जी गोष्ट मातीकामाच्या जागेवर मान्य झाली, ती धानाच्या बांधीपाशी का मान्य होऊ नये? मुलांच्या आजीशी बोलायचे ते तिच्या बोलीत. आणि भेटीला जायचे ते दुपारी नव्हे, संध्याकाळी.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगते. त्या दिवशी पावसाने ओढ्याला पाणी आले आणि आमची गाडी अलीकडे अडकली. एरवी चारला परतलो असतो, ती संध्याकाळ टोलीतच गेली. दिवे लागायच्या सुमाराला बायका बांधीतून परतल्या. त्या पोराची आई आली, तेव्हा तिच्या पायांची बोटे दिवसभराच्या पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. तिने पाय धुतले, स्वतः पाणी प्यायच्या आधी पोराला पदराखाली घेतले. मग चूल पेटली. भात झाला, बोडीतल्या मासळीचे कालवण झाले. एकाच जर्मनच्या थाळीत आईने आणि पोराने हात घातला. ती काटा काढून मासळीचा तुकडा थाळीच्या कडेला सरकवायची, तो उचलून तोंडात घालायचा. भरवणे नव्हते. पण तिची नजर एकदाही त्याच्यावरून हलली नाही.

शहरातून आलेली ती बाई माझ्या शेजारी बसून हे पाहत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुपारी ही नव्हती ना घरात."

तेवढेच कळायला आम्हाला ओढ्याला पूर यावा लागला. ही चूल संध्याकाळी पेटते, पहाटे पेटते. मधल्या वेळेला ती पेटवणे हे त्या आईच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.